आपोआप उमटणारे मार्ग आणि त्यांचा बंदोबस्त

महसुली दप्तराशी ज्यांचा थोडाबहुत संबंध आला आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको की, बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा या गावचा सात-बारा कोणत्या रकान्यांत लिहावयाचा, हे पिंपळगाव राजात कधीच ठरलेले नाही. गाव नमुना १ पासून गाव नमुना २१ पर्यंतची सारी कोष्टके वरून आखून आली. हक्काची नोंद सातव्यात, पिकांची बाराव्यात, फेरफाराची सहाव्यात आणि खातेदाराच्या एकूण धारणेची आठ-अ मध्ये, अशी वाटणी एकदा झाली, आणि मग ती कोकणातल्या वाडीला जशी लागू पडली तशीच वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीलाही लागू पडली. या व्यवस्थेत सोय मोठी आहे, कारण एका गावचे दप्तर वाचता येऊ लागले की राज्यातल्या कोणत्याही गावचे वाचता येते. मात्र नमुना आखणाऱ्याने पिंपळगाव राजा पाहिलेले नसते, हेही तितकेच खरे.

वेबवरील प्रणाली रचण्याच्या उद्योगात याच जातीचा एक मामला गेल्या वीस वर्षांत रूढ झाला आहे, आणि या प्रकरणाचा विषय तोच होय. आपल्या हातातील मोबाइलवरचे ॲप पडद्याआडच्या ज्या यंत्रणेशी बोलते तिच्या बोलण्याच्या करारनाम्याला एपीआय म्हणतात. आणि कोणत्या पत्त्यावर कोणत्या प्रकारची मागणी नेली असता कोणते काम घडेल, याची जी यादी त्या यंत्रणेपाशी असते, तिला मार्गांची, किंवा धंद्यातल्या बोलीत रूटांची, यादी म्हणतात. पूर्वी ही यादी प्रोग्रामर हाताने लिहीत असे आणि प्रत्येकाची लिहिण्याची तऱ्हा निराळी असे. कोणी ‘गाव-दाखवा’ असा पत्ता करी, कोणी ‘गावाची-माहिती-आणा’ असा, आणि दुसऱ्याच्या प्रणालीशी आपली प्रणाली जोडावयाची म्हणजे त्याच्या लहरींचा अभ्यास करणे भाग पडे. २००० साली रॉय फील्डिंग यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत सादर केलेल्या प्रबंधात ‘रेस्ट’ या नावाने एक रचनापद्धती मांडली. तिच्यातून पुढे व्यवहारात जो दंडक रुजला तो थोडक्यात असा, की पत्ता हे वस्तूचे नाव असावे आणि त्या वस्तूवर करावयाची क्रिया पत्त्यात न घालता गेट, पोस्ट, पुट, पॅच, डिलीट या ठरीव क्रियापदांपैकी एकाने सांगावी. गेट म्हणजे वाचणे, पोस्ट म्हणजे नवी नोंद घालणे, पुट आणि पॅच म्हणजे असलेली नोंद अनुक्रमे संपूर्ण वा अंशतः बदलणे, आणि डिलीट म्हणजे ती काढून टाकणे.

नाव ठरीव आणि क्रियापदे मोजकी असली, तर यादी लिहावयास माणूस कशाला हवा, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘रेल्स’ या फ्रेमवर्कने, म्हणजे प्रणाली रचण्याच्या तयार सांगाड्याने, २००७ च्या १.२ या आवृत्तीपासून अशी तजवीज केली की ‘गावे’ हे एक संसाधन आहे असे एका ओळीत जाहीर करावे, आणि यादी पाहणे, नव्या नोंदीचा अर्ज, नोंद घालणे, एक नोंद पाहणे, दुरुस्तीचा अर्ज, दुरुस्ती आणि उच्छेद असे सात मार्ग फ्रेमवर्कने स्वतः उत्पन्न करावेत. ‘लारावेल’ या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये एपीआयसाठी हेच पाच होतात, कारण अर्जांची पाने तेथे लागत नाहीत. अमेरिकेतील कॅन्सस संस्थानात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील वृत्तपत्राच्या कचेरीत एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये जे साधन आपल्या बातमीदारीच्या गरजेपोटी घडविण्यास आरंभ केला ते २००५ मध्ये ‘जँगो’ या नावाने सर्वांना खुले झाले. आणि टॉम क्रिस्टी यांनी सुरू केलेले ‘जँगो रेस्ट फ्रेमवर्क’ हे त्यावरचे जे पूरक साधन आज भारतात ठिकठिकाणी वापरले जाते, त्यात ‘राउटर’ नावाचा घटक हे मार्ग निर्माण करण्याचे काम करतो. पुढील विवेचनासाठी आपण हेच साधन पत्करू.

समजा, पिंपळगाव राजातील एखाद्या शिकल्यासवरल्या तरुणाने जिल्ह्यातील गावांची एक सूची खुली करावयाचे मनावर घेतले. गावाचे नाव, तालुका, संकेतांक, लोकसंख्या आणि सरपंचाचा दूरध्वनी अशा पाच रकान्यांचे एक कोष्टक त्याने डेटाबेसात केले, त्याचे वर्णन करणारे मॉडेल आणि त्यावरचे सारे व्यवहार एकत्र पुरवणारा ‘व्ह्यूसेट’ लिहिला, राउटरला ‘गावे’ हे नाव दिले, आणि तो संध्याकाळी चहाला उठला. एवढ्यानेच दोन पत्ते सिद्ध झाले: ‘/गावे/’ आणि ‘/गावे/क्रमांक/’. पहिल्यावर दोन क्रिया चालतात, यादी पाहणे आणि नवी नोंद घालणे. दुसऱ्यावर चार, म्हणजे एक नोंद पाहणे, ती पूर्ण बदलणे, अंशतः बदलणे आणि काढून टाकणे. ओळी लिहिल्या तीन-चार आणि कामे झाली सहा. या सहांपैकी त्याला हव्या होत्या दोनच, ही गोष्ट मात्र फ्रेमवर्कला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही.

येथे एक बाब अशी आहे की जी प्रत्येक नवशिक्याला कोणीतरी हात धरून दाखवावयास हवी. या फ्रेमवर्कमध्ये परवानगीचा नियम तुम्ही स्वतः लिहिला नाही, तर मूळचा नियम ‘सर्वांना मुभा’ असा आहे. म्हणजे वरील उदाहरणात, कोणतीही दुष्ट बुद्धी न वापरता, केवळ पत्ता आणि क्रियापद ठाऊक असलेला कोणीही इसम पिंपळगाव राजाची नोंद काढून टाकू शकतो, आणि त्याला परवाना कोणी दिला असे विचारले तर उत्तर येते की कोणी नाकारला नव्हता. ही लबाडी नव्हे. शिकणाऱ्याला पहिल्या घटकेस काहीतरी चालताना दिसावे, या सद्हेतूने ठेवलेली ती मोकळीक आहे. परंतु शिकण्याच्या घटकेसाठी ठेवलेली मोकळीक कारभाराच्या दिवशीही तशीच राहिली, तर तिचा दोष ठेवणाऱ्यापेक्षा राहू देणाऱ्याकडे अधिक जातो, असे माझे मत आहे. उपाय सोपा आहे. संपूर्ण व्यवहाराच्या व्ह्यूसेटऐवजी केवळ वाचनाचा व्ह्यूसेट घ्यावा, म्हणजे यादी आणि एक नोंद एवढे दोनच व्यवहार शिल्लक राहतात. आणि प्रकल्पाच्या मुख्य सेटिंगमध्ये परवानगीचा मूळ नियम ‘नोंदणीकृत व्यक्तीलाच’ असा बदलून, ज्या पत्त्यांना खरोखर सर्वांसाठी मोकळे ठेवावयाचे त्यांवर तसे स्पष्ट लिहावे. क्रम असा ठेवला म्हणजे विसरलेला पत्ता बंद राहतो. उलट ठेवला तर विसरलेला पत्ता उघडा राहतो.

यादीच्या लांबीचेही असेच. पानांची वाटणी तुम्ही सांगितली नाही, तर ‘/गावे/’ या पत्त्यावर आलेल्या पहिल्याच मागणीला सारे कोष्टक एका दमात दिले जाते. एका जिल्ह्याच्या सूचीत हे खपून जाते. राज्याच्या सूचीत सर्व्हरला धाप लागते आणि खेड्यातल्या मंद नेटवर्कवरचा मोबाइल नुसता फिरत राहतो. रकान्यांचे तर त्याहून नाजूक आहे. मॉडेलमधील सर्व रकाने द्यावेत असे एका शब्दात सांगण्याची सोय आहे, आणि ती वापरली की सरपंचाचा दूरध्वनी, उद्या त्याच कोष्टकात कोणी घातलेला बँक खात्याचा क्रमांक, आणि परवा घातलेला आणखी काही तपशील, हे सारे कोणाला न विचारता जगजाहीर होते. फ्रेमवर्कच्या कर्त्यांनाही ही भीती पटली असावी, कारण ३.५ या आवृत्तीपासून त्यांनी रकान्यांची निवड किंवा वगळणी प्रोग्रामरने लिहिलीच पाहिजे असा दंडक घातला, आणि त्यापूर्वी न लिहिता सगळे देण्याची जी मुभा होती ती काढून घेतली.

आता ‘क्रमांक’ या भागाकडे वळू, कारण वऱ्हाडातील माणसाला यातली मेख सर्वांत लवकर कळेल. राउटर मूळतः डेटाबेसातील अनुक्रमांक पत्त्यात घालतो. ‘/गावे/३१७/’ हा पत्ता वाचून कोणालाच बोध होत नाही, म्हणून आमच्या तरुणाला वाटले की येथे गावाचे नाव घालावे. शोधाचा रकाना बदलण्याची एक ओळीची सोय आहेच. पण कोणते पिंपळगाव? एकट्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव राजा आहे, जळगाव जामोदकडे पिंपळगाव काळे आहे, मोताळ्याकडे पिंपळगाव देवी आहे, आणि सैलानीबाबांच्या दर्ग्यामुळे दूरवर ठाऊक असलेले पिंपळगाव सराई आहे. नाशिककडचे पिंपळगाव बसवंत तर कांद्याच्या भावामुळे रोजच्या बातमीत असते. नामाभिधानाचा दुसरा भाग घातल्याखेरीज गत्यंतर नाही हे उघड आहे. तो घातला तरी लेखनाचा प्रश्न उरतोच: १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या वळणाने कोणी ‘पिंपळगांव’ असे अनुस्वारासह लिहितो, आणि संगणकाच्या दृष्टीने ते निराळेच गाव ठरते. जिल्ह्याचे नावही ‘बुलढाणा’ आणि ‘बुलडाणा’ असे दोन्ही प्रकारे छापलेले आढळते.

शिवाय देवनागरी अक्षरे पत्त्यातून प्रवास करतात ती आपल्या मूळ रूपात करीत नाहीत. ‘पिंपळगाव’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने आठ चिन्हे आहेत. प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो, तेव्हा हे आठ चिन्हांचे नाव पत्त्यात बहात्तर अक्षरे लांब होते. ब्राउझर ते आपल्याला सुबक करून दाखवतो, पण तोच पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की खरे रूप दिसते. आणि एक गंमत आहे, जिच्यापुढे मी मी म्हणणारेही अडखळतात. राउटरचा मूळ नियम असा आहे की पत्त्यातील ओळखीच्या भागात तिरपी रेघ आणि टिंब सोडून कोणतेही चिन्ह चालेल. आपल्या महसुली नोंदींत मात्र बुद्रुकला ‘बु.’ आणि खुर्दला ‘खु.’ असे टिंब देऊन लिहिण्याचा शिरस्ता आहे. परिणामी साऱ्या गावांचे पत्ते सुरळीत चालतात आणि नेमके बुद्रुक-खुर्दांचे पत्ते ‘सापडले नाही’ असा ४०४ चा शेरा देतात. गाव डेटाबेसात असते, नाव बरोबर असते, आणि तरीही मार्ग तेथपर्यंत पोहोचत नाही. ओळखीच्या भागासाठी स्वतःचा नमुना लिहून देण्याची सोय राउटरमध्ये आहे, पण मूळ दुखणे नावाला ओळख मानण्यात आहे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने चालविलेल्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला एक संकेतांक आहे, २०११ च्या जनगणनेनेही प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी संकेतांक दिला आहे. यांपैकी एक पत्त्यात घालावा, आणि नाव शोधासाठी स्वतंत्र ठेवावे.

ज्यांना आकडे नीरस वाटतात त्यांनी पिनकोडाचा इतिहास आठवावा. मूळचे कोकणातले आणि संस्कृतात काव्यनाट्य लिहिणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाकतार खात्यात वरिष्ठ अधिकारी असताना त्यांनी ही सहा आकड्यांची योजना सिद्ध केली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती अमलात आली. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांतले पत्ते यांनी डाकेची जी त्रेधा उडत असे, तिच्यावरचा तो तोडगा होता. पण तेथेही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बुलढाणा शहराचा पिन ४४३००१ आणि त्याच जिल्ह्यातल्या खामगावचा ४४४३०३. पहिले तीन आकडे डाकेच्या वर्गवारीचे आहेत, जिल्ह्याचे नव्हेत. ‘४४३ म्हणजे बुलढाणा’ असा नियम ज्या कोणी आपल्या प्रणालीत लिहिला असेल, त्याने खामगाव तालुक्याला परस्पर जिल्ह्याबाहेर काढले असे समजावे.

एकात एक घातलेल्या पत्त्यांचा मोह याच जातीचा आहे. ‘/जिल्हे/बुलढाणा/तालुके/खामगाव/गावे/पिंपळगाव-राजा/’ असा पत्ता कागदावर फार शोभतो. महाभूलेख या राज्याच्या संकेतस्थळावर सात-बारा काढताना आपण अमरावती विभाग, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव अशाच पायऱ्या उतरतो, म्हणून तो ओळखीचाही वाटतो. पाहणाऱ्याला पायऱ्या अवश्य द्याव्यात. पत्त्यात मात्र त्या कोरू नयेत. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला तेव्हा गावे जागची हलली नाहीत, परंतु ज्यांच्या पत्त्यात जिल्हा कोरलेला होता असे प्रत्येक दप्तर जुने झाले. रेल्सच्या अधिकृत मार्गदर्शिकेत संसाधने एका पातळीहून अधिक खोल घालू नयेत असे स्पष्ट सांगितले आहे, आणि तो सल्ला मला शंभर टक्के मान्य आहे.

शेवटच्या तिरप्या रेघेची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिने घालवलेल्या संध्याकाळी या धंद्यातल्या कोणालाही विचाराव्यात. जँगोच्या पद्धतीत पत्त्याच्या अंती रेघ असते. ती विसरून कोणी ‘/गावे’ या पत्त्यावर नवी नोंद पोस्टने पाठवली, तर जँगो अदबीने त्याला रेघेच्या पत्त्याकडे वळवते. पण वळताना पाठवणाऱ्याचा प्रोग्राम बहुधा पोस्टचे गेट करतो आणि सोबतचा मजकूर वाटेतच गळतो. मग घडते असे की नवी नोंद होत नाही, उलट गावांची यादी परत येते, आणि तिच्यासोबत ‘सर्व ठीक’ असा २०० चा शेरा येतो. पाठवणारा समाधानाने निघून जातो. विकसनाच्या अवस्थेत जँगो अशा वेळी मुद्दाम त्रुटी दाखवून थांबते. प्रत्यक्ष चालू प्रणालीत थांबत नाही. म्हणून रेघ ठेवावयाची की काढावयाची हे राउटरला आरंभीच सांगावे, आणि ज्यांनी हा एपीआय वापरावयाचा त्यांच्या माहितीपत्रकात ते ठळक लिहावे.

गेटचे पावित्र्य मोडल्याने काय होते याचा दाखला २००५ च्या मे महिन्यात मिळाला. वाचकाने दुवा दाबण्यापूर्वीच पुढची पाने आणून ठेवणारे ‘गूगल वेब ॲक्सिलरेटर’ नावाचे साधन तेव्हा बाहेर पडले, आणि ‘बेसकॅम्प’ नावाच्या ज्या प्रणालीच्या कामातून रेल्स जन्मले तिच्यातल्या ‘काढून टाका’ या साध्या दुव्यांनाही ते साधन वाचण्याजोगी पाने समजून भेटी देऊ लागले. लोकांच्या नोंदी त्यांच्या नकळत नाहीशा झाल्या. गेटने काही बदलू नये हा नियम एचटीटीपीच्या प्रमाणग्रंथात आधीपासून होता, पण दुवा दाबून काढण्याची सोय सर्वांना प्यारी होती. तरीही हा मोह मेला नाही. ‘सेल्स’ या फ्रेमवर्कमध्ये ब्ल्यूप्रिंट नावाने जे आपोआप मार्ग होतात, त्यांत नुसत्या गेटने नोंद घालण्याचे आणि काढण्याचेही ‘शॉर्टकट’ आहेत. विकासाच्या काळात ते वापरावेत आणि प्रत्यक्ष प्रणालीत बंद करावेत, अशी ताकीद त्याच्या माहितीपत्रकातच आहे. रेल्सच्या एका जुन्या आवृत्तीतील मार्गांच्या फाइलीत सर्व कंट्रोलरांच्या सर्व क्रिया गेटने खुल्या करणारी एक ओळ टीप म्हणून निष्क्रिय ठेवलेली असे, आणि तिच्या शेजारी ती न वापरण्याचा इशाराही असे. इशारा वाचून ती ओळ जागी करणारे कमी नव्हते.

हा सारा विचार पिंपळगाव राजाच्या शेतकऱ्याच्या किती जवळ आहे हे पाहावयाचे असेल, तर केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या ‘डेटा डॉट गव्ह डॉट इन’ या स्थळाकडे जावे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या स्थळावर जो माहितीसंच एपीआयसह ठेवला जातो, त्याला यंत्राने दिलेला एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाचाच एपीआयचा पत्ता बनतो. प्रत्येक संचासाठी कोणी हाताने मार्ग लिहीत बसत नाही. २००० साली आरंभ झालेल्या ‘ॲगमार्कनेट’कडून येणारे बाजार समित्यांचे रोजचे भाव अशाच एका पत्त्यावर मिळतात, आणि राज्य, जिल्हा, बाजार व शेतमाल यांच्या गाळण्या लावून त्यातून खामगावचे सोयाबीनचे भाव तेवढे वेगळे काढता येतात. खामगावला १८७० मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला तो कापसाच्या व्यापारासाठी. त्याच बाजारपेठेचा भाव आता पत्त्याच्या एका ओळीने मागता येतो, ही गोष्ट मला साधी वाटत नाही. परंतु तेथेही सेटिंगची मेख आहेच. नमुन्यादाखल दिलेली जी सार्वजनिक किल्ली आहे तिने एका वेळी दहाच नोंदी मिळतात. हे ठाऊक नसलेला माणूस दहा ओळी पाहतो, त्यांत खामगाव दिसत नाही, आणि आज खामगावात लिलावच झाला नाही असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. स्वतःची किल्ली घ्यावी, किती नोंदी हव्यात आणि कितव्यापासून हव्यात ते मागणीत लिहावे, आणि उत्तरात एकूण नोंदींचा जो आकडा येतो तो आधी वाचावा.

ज्यांना हे काम प्रत्यक्ष करावयाचे आहे त्यांना एकच विनंती आहे. रेल्समध्ये आणि लारावेलमध्ये सर्व मार्गांची यादी छापून देणारी आज्ञा मुळातच आहे, आणि जँगोसाठी ती ‘जँगो एक्स्टेन्शन्स’ या जोडसाधनातून मिळते. प्रणाली लोकांना खुली करण्याच्या आदल्या दिवशी ही यादी कागदावर काढावी, आणि जमाबंदीच्या तपासणीला बसलेला शिरस्तेदार जसा एकेका ओळीवर बोट ठेवून विचारी तसे विचारावे की हा मार्ग कोणाला हवा आहे, त्यावर कोणते क्रियापद चालते, आणि कोणाला परवानगी आहे. पिंपळगाव राजाच्या आपल्या तरुणाच्या सूचीत ‘गावे’ या नावाखाली दोनच व्यवहार निघाले पाहिजेत, यादी पाहणे आणि एक गाव पाहणे. तिसरा निघाला, तर तो कोणी मागितला होता ते शोधावे, आणि कोणीच मागितला नसेल तर त्याच दिवशी काढून टाकावा.